वाडीतला कागडा, दादरचा गुलाब

प्रिय मावशी,

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी माझं लग्न आहे. दुपारी चार वाजता चर्चमध्ये मिस्सा आणि मग घरच्याच मांडवात जेवण. बाबा मागच्या वर्षी निवृत्त झाले, भाऊ अजून शिकतोय, म्हणून खर्च बेतानं करायचा असं मी आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्यानं ठरवलंय. माझा बुके, तीन करवल्यांचे बुके आणि पाच कोटांना लावायची फुलं, एवढ्याचे फुलवाल्यानं 14,000 रुपये सांगितले. मी म्हटलं, मीच करते. पण व्हिडिओ बघत बसले तशी धाकधूक वाढत गेली.

आईचं वेगळंच. आमच्या वाडीत कागडा आहे, मोगऱ्याच्या जातीचं पांढरं फूल. आई इतकी वर्षं पहाटे उठून विकायला कळ्या खुडते, सर ओवते. मी म्हटलं, त्यातलाच थोडा माझ्या बुकेत घालू. तर म्हणाली, ‘आपल्या वाडीतलं फूल नवरीच्या हातात दिलं तर लोक म्हणतील, यांच्याकडे पैसे नव्हते.’ आणि डोळे पुसायला लागली. चुलतबहीण म्हणते, कापडी फुलांचा बुके ऑनलाइन मागव, झंझटच नको. काय करू?

– क., वसई

प्रिय क.,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी फक्त आईचं वाक्य वाचलं. त्याच्याकडे मी येणार आहे, पण आधी फुलांचं बोलू, कारण फुलांचं नीट जमलं की आईशी बोलणं सोपं होईल.

करता येईल. आमच्या चर्चच्या वेदीची फुलं मी वीसेक वर्षं लावते आहे आणि घरातल्या चार मुलींचे बुके या हातांनी बांधले आहेत, म्हणून खात्रीनं सांगते. बांधायची कला तासाभरात हाताला येते. पैसे मात्र बांधण्यात फारसे वाचत नाहीत. ते वाचतात कोणतं फूल घ्यायचं, किती घ्यायचं आणि कधी घ्यायचं यात. लोक घरी बुके करायला बसतात, पण डोळ्यांसमोर परदेशी मासिकातलं चित्र असतं. मग पिओनी शोधतात, आयात केलेली हायड्रेंजिया घेतात आणि फुलवाल्यापेक्षा जास्त खर्च करून बसतात.

तुझी तारीख चांगली आहे. नाताळानंतर आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या आधी, म्हणजे आपल्याकडची लग्नांची ऐन धांदल, पण फुलांचाही हंगाम. थंडीत शेवंती भरपूर असते, अॅस्टर असतो, कार्नेशन तजेलदार येतं. मोगरा मात्र विसर. त्याचा बहर उन्हाळ्यातला, जानेवारीत थोडा येतो आणि भाव खाऊन जातो. निशिगंधही थंडीत मंद असतो. आणि कागडा? कागड्याचे दिवसच हे. तुझ्या वाडीत जे फुललंय ते ऋतूनं दिलेलं आहे.

आता घरातलं कालनिर्णय काढ आणि त्या शनिवारी लग्नाचा मुहूर्त आहे का बघ. आपल्या मिस्सेचा मुहूर्ताशी संबंध नसला तरी दादरच्या बाजाराचा आहे. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी गुलाबापासून झेंडूपर्यंत सगळं वर जातं. मुहूर्त असेल तर फुलं शुक्रवारऐवजी गुरुवारी आण. कार्नेशन आणि शेवंतीला काही होत नाही, गुलाबही पाण्यात एक दिवस जास्त आरामात काढतो.

गुलाबाबद्दल आणखी एक गोष्ट. जानेवारीच्या अखेरीस मावळातले, तळेगावकडचे बागायतदार 14 फेब्रुवारीसाठीचा माल परदेशी पाठवायला लागतात. तिथे लांब दांड्याचा गुलाब लागतो. दांडा जितका लांब तितका भाव जास्त, हा या धंद्याचा साधा हिशेब आहे. पण हातातल्या बुकेला वीतभराहून थोडा जास्त दांडा पुरतो, बाकीचा आपण कापून टाकणार. म्हणून दुकानदाराला स्पष्ट सांग, ‘आखूड दांड्याचा डच गुलाब दाखवा.’ फूल तेच, पैसे कमी.

गड्डीत 20 गुलाब असतात. तुझ्या बुकेला 18 पुरे. तिन्ही करवल्यांना प्रत्येकी 4, म्हणजे 12. कोटांना 5. झाले 35. दोन गड्ड्यांत बसतं, पण प्रत्येक गड्डीत दोन-तीन फुलं दबलेली निघतातच, म्हणून मी तिसरी घेईन. उरलेले गुलाब पवित्र मारियेच्या वेदीपाशी ठेवता येतील, वाया काही जात नाही. करवल्यांच्या बुकेंचा जीव पांढऱ्या शेवंतीवर आणि कार्नेशनवर ठेव. कार्नेशनची गड्डीही बहुतेक 20 चीच असते, एक घे. पांढऱ्या शेवंतीच्या दांड्यांच्या चार जुड्या, बारीक पांढऱ्या फुलांच्या जिप्सीची एक, हिरवाईसाठी अॅस्परॅगसची एक. जिप्सी थोडीच बरी. ढीगभर घातली की तिला एक आंबूस वास येतो, बंद गाडीत तो जाणवतो. बाकीची हिरवी पानं तर विकत घेऊच नकोस, अंगणातला फर्न, क्रोटन, डाळिंबाची कोवळी फांदीसुद्धा चालते.

शेवंतीला कमी लेखू नकोस. देवाच्या हारातलं फूल, कबरीवरचं फूल म्हणून आपण तिला बाजूला सारतो. पांढऱ्या गाऊनपुढे तिच्या पाकळ्या किती शांत दिसतात ते एकदा हातात धरून आरशात बघ. आणि ती दिवसभर पाण्याशिवाय मान टाकत नाही.

दोन फुलं मात्र टाळ. जरबेराचा दांडा पोकळ असतो, उन्हात उभं राहिलं की मान मोडते. तारेचा आधार दिला तर टिकतो, पण नवख्या हाताला तो व्याप नको. दुसरी लिली. लिलीच्या पिवळ्या-तांबूस परागांचा डाग कापडावरून जात नाही. माझ्या हातून हे झालेलं आहे. माझ्या भाचीच्या बुकेत मी तीन लिली घातल्या. सकाळी दोन उमललेल्या होत्या, त्यांचे पराग मी चिमटीनं काढले. तिसरी कळी होती. ती मिस्सेच्या वेळी उमलली आणि गाऊनच्या छातीवर हळदीसारखी रेघ उठली. कुणीतरी ओल्या रुमालानं पुसलं आणि डाग पसरला. भाची काही बोलली नाही, पण फोटोंत तिचा हात सतत तिथेच आहे, डाग झाकत. ते फोटो बघताना मला अजून वाईट वाटतं. लिली घ्यायचीच झाली तर चार दिवस आधी कळ्या आण, उमलल्या उमलल्या पराग काढ. डाग पडलाच तर पाणी लावू नकोस, चिकटपट्टीनं उचल.

खरेदीला तू जायचं नाहीस. आदल्या दिवशी तुझी हळद, घरात पाहुणे, आणि तू झोपायला हवीस. भाऊ आणि एखादी चुलतबहीण जाऊ देत. पहाटेची गाडी पकडून दादर पश्चिमेला उतरायचं, मीनाताई ठाकरे फुलबाजार स्टेशनला लागूनच आहे. साडेपाचच्या आत पोचलं तर निवड मिळते. आपल्याकडच्या बायका टोपल्या घेऊन ज्या गाडीनं जातात, तीच गाडी. परतताना उजाडतं, विरारकडे येणारी गाडी त्या वेळी मोकळी असते, त्यामुळे फुलं चेंगरत नाहीत. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून उभीच धरायची. आडवी एकावर एक रचली की खालच्या फुलांचं संपलं.

गुलाब ओळखायची खूण दोघांना शिकव. फूल जिथे देठाला चिकटतं, तिथे दोन बोटांनी हलकेच दाब. टणक लागलं तर ताजं. मऊ, पिचपिचीत लागलं तर ते दोन-तीन दिवसांचं आहे, वरून कितीही छान दिसो. गुलाबावर जाळीची टोपी असते, ती काढून बघायला लाजू नये. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट, फाटक्या असतील तर त्या कवचाच्या पाकळ्या आहेत. घरी अलगद ओढून काढल्या की आत स्वच्छ फूल असतं.

भाव मी लिहीत नाही, कारण तो रोज फिरतो. तू असं कर: लग्नाच्या पंधरा दिवस आधी, शुक्रवारीच, भावाला एकदा पाठव. प्रत्येक गड्डीचा भाव लिहून आणू दे आणि त्यात निम्म्यानं वाढ धरून पैसे बाजूला काढ. येताना गुलाबाची एक गड्डी आणू दे, त्यावर सराव कर. रिबन, हिरवी टेप आणि मोत्याच्या टाचण्या त्याच फेरीत होऊ देत, भुलेश्वरला स्वस्त पडतात.

घरी आल्यावर पहिला तास सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक चहापाण्यात घालवतात. बादल्या साबणानं धुऊन ठेवलेल्या असाव्यात. माशाची किंवा तेलाची बादली नको. पाण्याखाली येतील तेवढी पानं काढून टाक, नाहीतर ती कुजतात आणि पाणी नासवतात. प्रत्येक दांडा पाण्यात बुडवून, बोटाच्या दोन पेरांएवढा, तिरका काप. हवेत कापला तर दांड्यात हवेचा बुडबुडा शिरतो आणि पाणी वर चढायचं थांबतं, गुलाबाची मान त्यानेच पडते. लिटरभर पाण्याला चमचाभर साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि ब्लीचचे तीन-चार थेंब. नुसती साखर घालू नकोस, पाण्यात जंतू वाढतात. मग बादल्या घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या खोलीत ठेव. पंखा बंद.

आणि त्या खोलीत केळी नकोत. लग्नघर म्हटलं की कोपऱ्यात केळ्यांचे घड टांगलेले असतात, आपल्या वसईत तर असतातच. पिकणाऱ्या केळ्यातून, चिकूतून, सफरचंदातून एक वायू सुटतो, इथिलीन. त्यानं फळं पिकतात तशी फुलंही म्हातारी होतात. कार्नेशनला तर तो अजिबात सोसत नाही. रात्री टवटवीत ठेवलेलं फूल सकाळी पाकळ्या आत ओढून मिटलेलं दिसतं, पुन्हा उघडत नाही. घरातल्या फ्रिजचंही तेच, खालच्या खणात फळं असतील तर फुलं आत ठेवू नकोस. तुमच्याकडे रात्री जी थंडी पडते ती पुरेशी आहे.

बांधायचं शुक्रवारी रात्री, जेवणं उरकल्यावर. एक गुलाब डाव्या हातात अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात सरळ धर. दुसरा त्याच्यावर तिरका, डोकं डावीकडे, देठ उजवीकडे. तिसराही तसाच. दर तीन-चार फुलांनी जुडी हातातल्या हातात थोडी फिरव. दिशा बदलायची नाही, एवढं एक पाळलं की देठांचा पीळ आपोआप पडतो, फुलं वर घुमटासारखी उघडतात आणि मूठ सडपातळ राहते. पहिल्यांदा करशील तेव्हा एक फूल उलट्या दिशेनं जाईल आणि सगळं अडून बसेल. तेवढंच काढून परत लाव, सगळी जुडी सोडू नकोस. मध्ये गुलाब, त्यांच्या फटीत शेवंती, कडेला जिप्सी आणि पानं. सुतळीनं घट्ट बांध, जिथे अंगठा होता तिथेच. देठ खालून सरळ काप आणि बुके तसाच पाण्याच्या बरणीत उभा ठेव. फुलं कोरडी, देठ पाण्यात.

रिबन शनिवारी दुपारी, निघायच्या तासभर आधी. देठ फडक्यानं कोरडे टीप, मग हिरवी टेप ओढून गुंडाळ. ही टेप ताणल्याशिवाय चिकटत नाही. तिच्यावर सॅटिन. टाचण्या वरच्या दिशेनं, देठांच्या आत खोचायच्या, टोक बाहेर येत नाही ना हे तळहातानं चाचपून बघायचं. देठ ओले राहिले तर गाऊनवर हिरवट डाग पडतो.

पण शनिवारी हे तू करायचं नाहीस. त्या दुपारी तुझे केस, तुझी डोक्यावरची जाळी, तुला भेटायला येणारी माणसं. शुक्रवारी रात्री बांधायला बस, जरूर बस. बहिणींबरोबर जमिनीवर चटई टाकून केलेलं ते काम जन्मभर लक्षात राहतं. शनिवारी मात्र एका शांत हाताच्या बाईला हे सोपवून टाक आणि खोलीत डोकावूही नकोस. कोटांची फुलं तीच सकाळी करेल: एक गुलाब, एक फर्न, टेप, टाचणी. ती फुलं ओल्या कापसावर डब्यात ठेवायची, डब्यावर नावं लिहून. नाहीतर आयत्या वेळी नवऱ्याचं फूल काकाच्या कोटावर जातं.

कापडी बुकेचं थोडक्यात सांगते. वाईट नाही. ज्यांचं लग्न मे महिन्यात आहे किंवा ज्यांना परागांचा त्रास होतो, त्यांनी घ्यावा. पण घरात कागडा फुललेला असताना तू तो घ्यावास असं मला वाटत नाही.

आता आई.

तुझ्या आईला खर्चाची लाज वाटत नाहीये. तिला स्वतःच्या कामाची लाज वाटायला कुणीतरी शिकवलंय. इतकी वर्षं तिनं जे फूल किलोवर विकलं, ज्याच्यासाठी दवात भिजत पहाटे वाडीत उभी राहिली, ते तिच्या लेखी पोट भरायचं फूल आहे, सणाचं नाही. बाजारात त्याला मिळालेला भाव तिनं बघितला आहे. म्हणून तेच फूल तुझ्या हातात दिलं तर आपण तुला कमी दिलं, असं तिला वाटतं. हे ‘लोक काय म्हणतील’ असं म्हणून उडवून लावू नकोस आणि तिला समजावायलाही जाऊ नकोस. समजावलं की ती गप्प बसेल, पटणार नाही.

वाटलं तर एक गोष्ट तिला सांग. 1840 साली इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचं लग्न झालं, पांढरा झगा घालून. आज आपल्या मुली जो पांढरा गाऊन घालतात त्याची चाल रूढ होण्यात त्या लग्नाचा मोठा हात आहे. त्या दिवशी राणीनं डोक्यावर संत्र्याच्या फुलांची माळ घातली होती. रत्नजडित मुकुट घरात असलेल्या बाईनं झाडाची साधी पांढरी, वासाची फुलं निवडली. तिच्याकडे पैसे नव्हते असं तेव्हा कुणी म्हटलं नसेल.

पण माझा भरवसा गोष्टीपेक्षा तिच्या हातांवर जास्त आहे. म्हणून तिला परवानगी विचारू नकोस, काम सांग. पंधरा दिवस आधी तू सरावाचा गुलाबांचा बुके बांधशील ना, तो तिच्यासमोर बांध. रिबन लावून झाली की तो तिच्या हातात दे आणि म्हण, ‘आई, या मुठीभोवती कागड्याचा सर कसा बसवायचा? मला ओवता येत नाही.’ तुला खरंच तिच्यासारखं येत नाही, त्यामुळे यात खोटं काही नाही. ती आधी नको म्हणेल. मग तुझी गाठ बघेल, ती सैल आहे म्हणेल, आणि दोरा मागेल.

मी हे बघितलेलं आहे. आमच्या शेजारी एका आईनं असाच सर ओवला होता. अंगठ्याच्या नखानं कळीचा देठ किंचित दाबायचा, दोऱ्याचा फास टाकायचा, ओढायचा, दुसरी कळी उलट बाजूला. बघता बघता बोटाएवढा जाड, पांढरा, गोल सर तयार. तो बुकेच्या कडेनं, फुलांच्या खाली कॉलरसारखा बसवला. गुलाबांना वास नव्हता, डच गुलाबांना तो फारसा नसतोच. सगळा हलका वास कागड्याचा होता. फादरांनी अंगठ्यांना आशीर्वाद दिला तेव्हा बुके करवलीच्या हातात होता आणि पुढच्या दोन बाकांवरच्या बायका मान वळवून बघत होत्या, कुठला वास येतोय म्हणून. आणि ती आई तिसऱ्या बाकावर ताठ बसली होती.

तिला सांगायला नेमकं माप लागेल, म्हणून लिहिते. शनिवारी पहाटे खुडलेल्या घट्ट कळ्या घ्या, उमललेलं एकही फूल नको. अकरापर्यंत ओवून होऊ दे. मग ओल्या मलमलीत, वरून केळीचं पान गुंडाळून गार जागी ठेवा. निघायच्या वेळी बुकेला बसवला की संध्याकाळी मांडवात पोचेपर्यंत कळ्या हळूहळू उघडतील. कॉलरला दोन वेढे लागतील, मुठीला तीन. दोन्ही मिळून चार हात सर पुरेल, पण पाच हात ओवायला सांग, कारण मिस्सा संपल्यावर त्यातलाच एक तुकडा तिच्या स्वतःच्या अंबाड्यात माळायचा आहे. तो तू माळायचास, तुझ्या हातानं.

– मावशी